सातव्या घराचा हातचा

ताळेबाई कोणतीही बेरीज दोनदा करत. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोन्ही उत्तरं जुळली की आपण पेन्सिल ठेवतो. बाई ठेवत नसत. मग नवाचा ताळा. आकड्यातले अंक एकमेकांत मिळवायचे, नऊ झाले की टाकून द्यायचे, उरेल तो ताळा. वरच्या आकड्यांचा आणि खालच्या उत्तराचा ताळा एक आला, तरच त्यांच्या कपाळावरची आठी मिटायची. हे ऑफिसापुरतं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण ही बाई रेल्वेच्या तिकिटावर छापलेल्या नंबराचाही ताळा काढत बसायची. "त्याचा काय उपयोग हो बाई?" मी एकदा चिडून विचारलं. "उपेग काई नाई," बाई म्हणाल्या, "डोक्याले रिकामं ठेवलं का ते भलतीकडं जाते."

हजेरीपटावर त्यांचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते फक्त हजेरी घेतानाच निघायचं. बाकी सगळं ऑफिस त्यांना ताळेबाई म्हणायचं. इतर लोक पाठीमागे म्हणत, आमचा शिपाई गुलाबराव तोंडावर म्हणायचा. "ताळेबाई, चहा ठेवला. एकच कप हाये, मोजत बसू नका." बाई हसत आणि खरंच कपाकडे बोट दाखवून "एक" म्हणत.

साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. अकोल्यात कापसाच्या वाणांवर प्रयोग करणारं एक सरकारी ऑफिस होतं, तिथे आम्ही दोघी गणक. कोणत्या तुकड्यात कोणतं बी पेरलं, किती कापूस निघाला, याचे कागद मूर्तिजापूरकडून, दर्यापुराकडून, कुठून कुठून येत. त्यांच्या बेरजा, सरासऱ्या, आणि ज्यांनी माझी वीस वर्षांची बोटं दुखवली ते वर्ग, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं आणि मग त्या सगळ्यांची बेरीज करायची. हे सगळं हातानं. त्यावरून साहेब ठरवत की पुढच्या वर्षी लोकांना कोणतं बी वाटायचं.

आमची खोली पत्र्याची होती. खिडकी एकच, आणि तीही बंद, कारण शेजारी कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं आणि उघडली की रुईचे तंतू आत येऊन कागदावर, शाईवर, नाकात बसत. पंखा होता, पण तो लावला की चिठ्ठ्या उडत. पहिल्या दिवशी मी भोळेपणानं विचारलं, "बाई, पंखा लावू का?" "लाव न. अन मंग बडनेऱ्यापावतर धावत जाऊन कागदं गोळा करून आण." त्यानंतर दोन उन्हाळे मी त्या खोलीत काढले. दुपारी दोन वाजता दार लोटलेलं, खिडकी बंद, पंखा बंद, पत्रा तापलेला, आणि समोर आकड्यांचा ढीग. मला कितीदा वाटलं की उठावं, दार लाथेनं उघडावं आणि सरळ स्टेशनवर जावं. बाई तिथे सात वर्षं बसल्या होत्या.

चुकीच्या आकड्याला त्या चूक म्हणत नसत. म्हणत, "हा आकडा कोणाच्या तरी वावरात जाऊन उगवन." एकदा मी एका तक्त्यात तीनाचे आठ केले. संध्याकाळचे पाच वाजलेले, माझी चप्पल पायात. बाईंनी अख्खा तक्ता परत करायला लावला, आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. मी मनातल्या मनात त्यांना अशा शिव्या घातल्या की आज लिहिता येणार नाहीत. तक्ता जुळला तेव्हा त्यांनी पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "आता कसा माणसासारखा झाला."

बाईंची एक मुलगी होती, कुंदा. दहा वर्षांची. ती अमरावतीला बाईंच्या आईजवळ राहायची. नवरा कुंदा तान्ही असतानाच गेला होता. अकोल्यात बाईंनी खोली शोधली नाही असं नाही. पण एकटी बाई, त्यात छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. लोक आडनाव विचारत आणि खोली कालच दिली म्हणून सांगत. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी आपल्या खोलीतला एक कोपरा दिला. त्या कोपऱ्यात एक खाट मावत होती, मूल मावत नव्हतं. म्हणून बाई दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. सोमवारी त्यांचा पहिला तास वाईट जायचा. त्या तासात त्यांच्याशी कोणी बोलत नसे, गुलाबरावसुद्धा.

तर त्या वर्षी जानेवारीत बाईंची बदली अमरावतीला झाली. हुकूम आला, टाइप केलेला, शिक्क्यासकट. बाईंनी तो तीनदा वाचला. आणि साहेबांनी त्यांना सोडायला नकार दिला.

साहेब पुण्याकडचे. सज्जन माणूस, आवाज कधी चढायचा नाही. "बाई, तुम्ही गेलात तर हे सगळं कोण करणार?" ते म्हणाले. "ही मुलगी अजून शिकतेय." ही मुलगी म्हणजे मी. मग त्यांनीच तोड काढली. ऑफिसला हिशेबाचं एक मशीन घ्यायला मंजुरी होती आणि मार्चअखेर ती संपणार होती. "नव्या माणसालाही चालवता येईल असं मशीन मार्चच्या आत त्या टेबलावर आलं, तर एक एप्रिलला मी तुम्हाला सोडतो. अमरावतीवाले तोवर जागा ठेवतील. पण कोणतं घ्यायचं ते तुम्ही तपासून सांगा. तुमच्याइतकं बारकाईनं दुसरं कोण पाहणार?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या एका एजंटानं तीन मशिनं पंधरा दिवस पाहायला म्हणून आणून ठेवली. बाईंनी पहिल्याच दिवशी तिघांना नावं दिली. सगळ्यात स्वस्त ते लहानसं, काडीनं आकडे सरकवायचं. त्याच्यात फक्त बेरीज व्हायची आणि हातचा आपणच काडीनं पुढे ढकलायचा. तो पाव्हणा. "गोड दिसते, पण कामाले उठत नाई." सगळ्यात महाग ते विजेवरचं, टेबल हलेल एवढं जड. तो जावई. आणि मधलं काळ्या लोखंडाचं, बाजूला हँडल असलेलं. आकडा लावायचा, हँडल एकदा फिरवलं की बेरीज, उलटं फिरवलं की वजाबाकी. सत्तेचाळीसनं गुणायचं तर सात वेळा फिरवा, गाडा एक घर सरकवा, चार वेळा फिरवा. ती सून.

मी आजवर पुष्कळ तपासण्या पाहिल्या, पण बाईंसारखी नाही. त्यांनी मोठा तक्ता आखला. पन्नास गुणाकार निवडले आणि तेच पन्नास प्रत्येक मशीनवर, सकाळी एकदा आणि दुपारी दोनला एकदा. किती मिनिटं लागली, किती चुकले, तासाभरानं मनगट दुखतं का, पुसून परत शून्यावर आणायला किती वेळ जातो. आणि प्रत्येक मशीन तीन हातांनी: त्यांच्या, माझ्या आणि चौथी पास गुलाबरावच्या. "हुशाराच्या हातात तर काईबी चालते," त्या म्हणाल्या. गुलाबरावनं सुनेवर तीन आकडी गुणाकार केला आणि उत्तर बरोबर आलं, तेव्हा तो हँडल न सोडता म्हणाला, "माह्या बायकोले सांगतो, तर ती खरं नाई मानन."

जावई दुसऱ्याच दिवशी रुसला. दुपारी अकोल्याची वीज मंद झाली, तो भागाकाराच्या मधोमध थांबला, आणि पुढेही जाईना, मागेही येईना. एजंटाला नागपूरहून येऊन त्याचं पोट उघडावं लागलं. बाईंनी तक्त्यात वेळ लिहिली: दोन दिवस. सुनेला मात्र त्या कापडात गुंडाळून, सायकल रिक्षात घालून बाजारात शिलाई मशीनच्या मिस्त्रीकडे घेऊन गेल्या. म्हातारा चष्मा लावून आत डोकावला, म्हणाला, "स्प्रिंग तुटली तर मी बसवून देईन, बाई. दात घिसले तर मात्र खुदा मालिक." बाईंनी तेही लिहिलं. हे मशीन बिघडलं तर कुणाकडे न्यायचं, हा प्रश्न साहेबांना, एजंटाला आणि मला सुचलाच नव्हता.

जावयाच्या किमतीत दोन सुना आल्या असत्या आणि काम जवळजवळ तेवढंच. निकाल स्पष्ट होता. त्या आठवड्यात मी बाईंना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. त्यांनी कुंदाला पत्र टाकलं की एक एप्रिलपासून तुझी वेणी मी घालीन. मला दाखवलं ते पत्र. मीही खूश. एक तर बाईंसाठी, आणि दुसरं, लपवत नाही, त्या गेल्यावर टेबलावरची मोठी बाजू माझी होणार होती.

तपासणीच्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी मी टपाल देऊन खोलीत आले, तर बाई मशीनसमोर नुसत्या बसल्या होत्या. हात हँडलवर. "काय झालं, बाई?" "डोकं दुखून राह्यलं." सोमवार होता, पहिला तास दुपारपर्यंत लांबला असेल, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

बुधवारी साहेब, एजंट आणि मोठे कारकून आमच्या खोलीत आले. तपासणीचा शेवटचा प्रयोग, मग कागदावर सही. साहेबांनी कपाटातून हाताला लागेल तो तक्ता काढला, मोठ्या वर्गांच्या बेरजेचा. हँडल माझ्याकडे. मी फिरवत गेले, बाई आकडे वाचत गेल्या. पत्रा तापला होता, पाच माणसांनी खोली भरली होती, एजंटाचा टाय ओला झाला होता. शेवटचा आकडा चढला. एजंटानं पेनाचं टोपण काढलं.

आणि मी, दोन वर्षांच्या सवयीनं, मनातल्या मनात नवाचा ताळा पाहिला. जमेना. परत पाहिला. एकाचा फरक.

"साहेब, ताळा जमत नाही!"

ओरडलेच मी. खोटं कशाला बोलू, फार आनंदानं ओरडले. दोन वर्षं ही बाई रोज माझ्या चुका काढत होती, आणि आज तिच्या आधी मला चूक दिसली होती. एजंट म्हणाला, "मुलीचा हात चुकला असेल." मला तर तेवढंच पाहिजे होतं. मी मशीन शून्यावर आणलं, सात घरांत सात नऊ लावले, आणि त्यात एक मिळवला. सहा घरांत शून्यं आली. सातव्या घरातला नऊ जागचा हलला नाही. हातचा सहाव्या घरापर्यंत गेला आणि तिथेच मेला. दहा लाख गायब. एजंटानं हँडल हातात घेतलं, दोनदा फिरवून पाहिलं, मशीनला चापट मारली, तेलाचं काही बोलला. सकाळी असं होत नसणार, तो म्हणाला, उष्णतेनं होतं. "अकोल्यात उष्णतेशिवाय काय असतं?" मोठे कारकून म्हणाले.

साहेबांनी बाईंचा तपासणीचा तक्ता उचलला. "बाई, दुपारच्या रकान्यात हे कुठेच नाही."

गुलाबराव चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. कोणी कप उचलत नव्हतं. बाई एवढंच म्हणू शकल्या असत्या, की आजच झालं असेल, साहेब. सगळ्यांनी मानलं असतं. त्यांचा शब्द त्या ऑफिसात कधी कोणी तपासला नव्हता.

"नाई," बाई म्हणाल्या. "लिवलं नाई मी."

त्यांनी साहेबांच्या हातून तक्ता घेतला, खालच्या मोकळ्या जागेत आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'दुपारी सातव्या घराचा हातचा सुटतो. घेऊ नये.' खाली सही केली. "मग बाई, ते एक एप्रिलचं..." साहेब म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून निघून गेले. एजंटानं तिन्ही मशिनं बांधायला घेतली. मार्च संपायला आठवडाच उरला होता, तेवढ्यात दुसरं मशीन येणार नव्हतं.

सगळे गेल्यावर मी शाबासकीची वाट पाहत उभी. हो, उभी! अजून मला काही कळलेलं नव्हतं, इतकी मी मूर्ख. बाई खुर्चीत बसल्या आणि हसल्या. "पोट्टी हुशार झाली वो."

मग म्हणाल्या, "मले सोमवारीच दिसलं होतं."

"काय?"

"सातवं घर."

"मंग लिवलं काहून नाही, बाई?"

त्या पेन्सिलीचं टोक पाहत म्हणाल्या, "दोन दिवस तेच विचार करून राह्यली. मशीन बारा आणे चांगली होती. वरचे चार आणे तू होती. म्या म्हटलं, इथं ही पोट्टी बसणार हाये. हातचा सुटला तरी हिच्या हातून सुटणार नाई, ताळा पाह्यल्याशिवाय ही कागद पुढं देणार नाई. अन पाह्य, पकडलंच न आज?"

मला रडू फुटलं. "मले सांगायचं होतं न, बाई! मी तोंड शिवून घेतलं असतं!"

"म्हणूनच नाई सांगतलं," बाई म्हणाल्या. "मी एकटीनं केलं तेवढं बस झालं. तुले काहून त्यात घेऊ?" आणि टेबलावरचा कालचा गठ्ठा त्यांनी पुढे ओढला. खिडकी बंद, पंखा बंद. त्या दुपारी आम्ही दोघींनी एकोणीस तक्ते केले, आणि माझ्या प्रत्येक तक्त्यात चूक निघाली.

याच्या पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. अमरावतीची जागा रिकामी राहणार नव्हती. बाईंना सोडता येत नव्हतं, मग सोडता येण्यासारखं कोण? साहेबांनी माझं नाव पाठवलं. माझं घर अमरावतीचं, नोकरी नवी, आणि वर शेरा: 'अत्यंत चोख.' तो चोखपणा त्यांनी बुधवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी एक दिवस नाही म्हटलं. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी बाईंनीच अर्ज लिहून आणला. "सही कर. तू नाई गेली तर ती खुर्ची कोण्या तिसऱ्याच्या बुडाखाली जाईन." मी सही केली. घरी जायला मिळणार म्हणून आत कुठेतरी मला बरंही वाटलं होतं. ते मी कोणाला बोलले नाही.

अकोला स्टेशनवर बाई पोचवायला आल्या. गाडी हलेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत होत्या, तिथल्या साहेबांपुढे कागद कसे मांडायचे वगैरे. मग खिडकीच्या गजाला धरून, पहिल्यांदाच जरा अडखळत म्हणाल्या, "सांजच्याले कुंदाचं गणित पाह्यशीन का?"

पाहिलं. सोमवार ते शुक्रवार, ऑफिस सुटलं की सरळ कुंदाकडे. शनिवारी बाई यायच्या, तेव्हा हप्त्याची खबर द्यायला मीही जायचे. नंतर अकोल्याच्या ऑफिसात दुसरं एक मशीन आलं, चांगलं निघालं, पण तोवर अमरावतीला जागा उरली नव्हती. बाई आणखी आठ वर्षं त्या खोलीत बसल्या. शेवटी बदली मिळून कायमच्या अमरावतीला आल्या, तेव्हा कुंदा लग्न होऊन भुसावळला गेली होती. बाई आता नाहीत. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला या वयातही वाटतं.

मी अमरावतीला आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. गुरुवार होता. कुंदा अपूर्णांकांची गणितं करत होती, मी शेजारी भाजी निवडत होते. वहीतून मान वर न काढता ती मला म्हणाली, "आई, हे पाह्य न, जमत नाही."

आजीचे हात सुपातच थांबले. कुंदा लाल झाली. मी म्हटलं, "दाखव," आणि वही ओढून घेतली.

शनिवारी बाई आल्या. पाय धुतले, कुंदाला मांडीशी घेतलं आणि नेहमीसारखं मला विचारलं, "हप्ताभर काय काय झालं, सगळं सांग. काई सोडू नको." मी सांगितलं. वर्गात तिसरा नंबर आला, गुडघा फुटला होता, दूध प्यायला कुरकुर करते, अपूर्णांक आता येतात. एवढंच सांगितलं.

बाई समाधानानं टेकून बसल्या. "तू हायेस म्हणून मले अकोल्यात घास गोड लागते," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घालून चहा प्यायले.